बंब आला, पण पाइप जुळेना: गरीब वस्त्यांतले बिनपगारी अग्निशामक आणि परदेशी मदत

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ मिळाला नसेल तर वाचून घ्या, आणि ऐकताना एखादा आकडा सुटला असेल तर तो इथे सापडेल.

सुरुवात एका शब्दापासून करूया. बंब. कुणाच्या आजीकडे अजून अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब असेल. आणि घंटा वाजवत जाणारी लाल गाडी, तिलाही आपण बंबच म्हणतो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. स्पॅनिशमध्येही तोच शब्द, तोच अर्थ. त्यावरून आग विझवणारा माणूस झाला ‘बोंबेरो’. म्हणजे दक्षिण अमेरिकेतला बोंबेरो आणि आपला बंबवाला हे शब्दाने चुलतभाऊच.

पण दोघांत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे अग्निशमन दलाच्या जवानाला महिन्याला पगार मिळतो. चिली आणि पेरू या देशांतल्या बोंबेरोला पगार मिळत नाही. शून्य. तो दिवसा शिक्षक असतो, सुतार असतो, कॉलेजात शिकत असतो. अलार्म वाजला की हातातलं काम टाकून धावतो. आज आपण बोलणार आहोत अशा लोकांबद्दल आणि त्यांना बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मदतीबद्दल. मदत येते, हे चांगलंच आहे. प्रश्न असा आहे की ती कामाला कधी येते आणि कधी नुसतीच अंगणात उभी राहते.

पगार नाही, उलट वर्गणी

चिलीच्या किनाऱ्यावर वालपराइसो नावाचं बंदर आहे. १८५० च्या डिसेंबरात तिथे मोठी आग लागली. आग विझवायला धड कुणी यंत्रणाच नव्हती. मग व्यापारी, खलाशी, स्थलांतरित अशी सगळी मंडळी एकत्र आली आणि ३० जून १८५१ रोजी देशातलं पहिलं स्वयंसेवी अग्निशमन दल उभं राहिलं.

यात गंमत बघा. दलाच्या तुकड्या देशानुसार पडल्या. जर्मन लोकांची वेगळी, फ्रेंचांची वेगळी, इटालियन लोकांची वेगळी, पुढे स्पॅनिश आणि ब्रिटिशांचीही. जर्मन तुकडीचं नाव ‘जर्मानिया’, फ्रेंच तुकडीचं ‘पोंप फ्रान्स’. ही नावं आजही ठाण्यांवर आहेत आणि अशा अनेक तुकड्यांनी आपल्या मूळ देशाशी नातं जपलंय. म्हणजे परदेशाशी असलेला संबंध या दलाच्या जन्मापासूनच आहे.

आज चिलीभर असे सुमारे पन्नास हजार स्वयंसेवक आहेत, बाईसुद्धा आणि पुरुषसुद्धा. जंगलातल्या वणव्यांसाठी सरकारची वेगळी यंत्रणा आहे, पण शहरातल्या घराला आग लागली की येणारा माणूस हा स्वयंसेवकच. काही ठाण्यांत गाडीचा ड्रायव्हर पगारी असतो, तेवढाच काय तो अपवाद. बाकीच्यांना पगार तर नाहीच, उलट आपल्या तुकडीला दरमहा वर्गणी द्यावी लागते. शिवाय पैसे कमी पडले की लॉटरीची तिकिटं विकायची, चौकात डबे घेऊन उभं राहायचं. सरकार अनुदान देतं, २०१२ साली या दलांसाठी खास कायदाही झाला. पण अनुदान सगळ्याला पुरत नाही.

श्रीमंत भागातल्या तुकडीला वर्गणी आणि देणग्या बऱ्या मिळतात. गरीब वस्तीत आगी जास्त लागतात आणि देणाऱ्यांचे खिसे रिकामे असतात. जिथे गरज जास्त, तिथेच सामान कमी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

डोंगरावर पाणी चढत नाही

वालपराइसोचा नकाशा डोळ्यासमोर आणा. खाली समुद्रालगत सपाट पट्टी, तिथे बंदर, ऑफिसं, दुकानं. वर चाळीसहून अधिक टेकड्या. शहराचा जुना भाग इतका देखणा आहे की २००३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. रंगीत घरं, जिने, उतारावरून वर-खाली करणाऱ्या जुन्या लिफ्टगाड्या. इन्स्टाग्रामवर तुम्ही हे फोटो पाहिलेही असतील.

फोटोत जे दिसत नाही ते आणखी वर आहे. टेकड्यांच्या माथ्यावर आणि घळींच्या कडेला लोकांनी मिळेल त्या लाकडाची आणि पत्र्याची घरं बांधलीत. रस्ते अरुंद, काही ठिकाणी तर फक्त पायवाट. घळींमध्ये कचरा साठलेला. पलीकडे निलगिरी आणि पाइनची झाडं, म्हणजे जळायला तयारच.

१२ एप्रिल २०१४, शनिवारची दुपार. शहराच्या वरच्या अंगाला आग लागली आणि वाऱ्यामुळे ती घळींतून खाली वस्त्यांत उतरली. १५ माणसं गेली. सुमारे २,९०० घरं जळाली. १२,००० हून अधिक लोक उघड्यावर आले. आणि २०१९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याच शहराच्या टेकड्यांवर पुन्हा आग लागली, दोनशेहून अधिक घरं गेली.

आता जरा गणित करू, म्हणजे अडचण नीट कळेल. पाणी दर दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार दाब लागतो. शंभर मीटर वर न्यायचं तर दहा बार. बंबाचा साधा पंप साधारण एवढ्याच दाबावर काम करतो. म्हणजे सगळी ताकद नुसती पाणी वर पोचवण्यातच संपली, आगीवर फेकायला काही उरलं नाही. मग गाडीच वर न्यावी लागते. पण गल्ली अरुंद. गेलीच कशीबशी, तर टाकीत समजा ३,००० लिटर पाणी आहे. एका पाइपमधून मिनिटाला ४५० लिटर सोडलं तर सात मिनिटांच्या आत टाकी रिकामी. जवळ चालू हायड्रंट नसेल तर पुढे काय? गाडी परत खाली न्या, भरा, वर आणा. तोवर शेजारची तीन घरं पेटलेली असतात.

म्हणून अशा वस्तीतल्या अग्निशामकाला मोठी चकचकीत गाडी नेहमी उपयोगाची नसते. त्याला हवी छोटी गाडी, उचलून नेता येणारा पंप, भरपूर लांबीचे पाइप आणि वर कुठेतरी भरून ठेवलेली पाण्याची टाकी. ही यादी लक्षात ठेवा.

लिमामधला ऑक्टोबर

पेरूची राजधानी लिमा. इथेही कायद्यानेच अग्निशामक हे स्वयंसेवक आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला शहराच्या एल अगुस्तिनो भागात एका सरकारी औषध-गोदामाला आग लागली. आत गेलेले तीन स्वयंसेवक परत आले नाहीत. तिघंही आपापलं रोजचं आयुष्य बाजूला ठेवून तिथे गेले होते.

त्यानंतर देशभर एकच चर्चा सुरू झाली: या लोकांच्या अंगावर काय होतं, पाठीवर काय होतं, गाड्या किती जुन्या होत्या. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला नदीकाठच्या कांतागायो वस्तीत आग लागली. अॅमेझॉनच्या खोऱ्यातून शहरात आलेले शिपिबो आदिवासी तिथे राहायचे. सुमारे चारशे कुटुंबांची घरं एका रात्रीत राख झाली. वर्ष संपता संपता सरकारने अग्निशमनाचं प्रशासन बदलायला घेतलं. पण बदलाला तीन माणसांचा जीव जावा लागला, हे विसरता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आगीत आत जाणाऱ्याला दोन गोष्टी वाचवतात. एक, अंगावरचा जाड, थरांचा सूट. दोन, पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क. बंद जागेतल्या आगीत माणूस बहुतेकदा ज्वाळेने नाही, धुराने मरतो. सिलिंडरवर अर्धा-पाऊण तास लिहिलेलं असलं तरी धावपळीत, घाबरलेल्या श्वासात तो खूप आधी संपतो. सूट फाटका असेल किंवा चार जणांत दोनच सिलिंडर असतील, तर स्वयंसेवकासमोर रोज एकच प्रश्न: आत जायचं की बाहेर थांबून बघत राहायचं? आतून कुणी हाक मारत असेल तर बहुतेक जण आत जातात. म्हणूनच हे सामान चैनीचं नाही.

जुनं सामान येतं कुठून?

तर श्रीमंत देशांकडे हे सामान जास्तीचं कसं काय असतं? कारण त्यांचे नियम. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या मानकानुसार अग्निशामकाचा सूट तयार झाल्यापासून दहा वर्षांनी वापरातून काढावाच लागतो, मग तो दिसायला कितीही चांगला असो. गाडीबद्दलही सल्ला आहे: पंधरा वर्षं झाली की राखीव ठेवा, पंचवीस वर्षं झाली की काढून टाका. दरवर्षी हजारो सूट, हेल्मेटं, पाइप आणि गाड्या अशा निवृत्त होतात. ते भंगारात घालण्याऐवजी कुणाला दिलं तर? कल्पना चांगली आहे आणि जगभर चालते.

जपानचं उदाहरण घ्या. जपानमध्ये स्वतःचीच स्वयंसेवी अग्निशमन पथकं आहेत, सात लाखांहून अधिक सदस्य. त्यामुळे हे काम काय असतं ते त्यांना सांगावं लागत नाही. जपान सरकारची एक छोट्या अनुदानांची योजना आहे, तिच्यातून वापरलेल्या अग्निशमन गाड्या आणि अॅम्ब्युलन्स दुरुस्त करून आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांना जहाजाने पाठवायचा खर्च दिला जातो. शिवाय जपानमधल्या गल्ल्याही अरुंद, म्हणून तिथल्या काही गाड्या मुळातच छोट्या असतात. वस्तीत त्या शिरू शकतात.

ब्रिटनमध्ये १९९५ पासून ‘ऑपरेशन फ्लोरियन’ नावाची संस्था आहे, तिथल्या अग्निशामकांनीच चालवलेली. त्या नुसत्या वस्तू पाठवत नाहीत. सामानासोबत माणसं जातात, तिथल्या लोकांबरोबर सराव करतात, पंप कसा उघडायचा, साफ कसा करायचा हे शिकवतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कपलिंगची गोष्ट

आता आजच्या भागाचा गाभा. दोन पाइप जोडायला टोकाला जो धातूचा भाग असतो त्याला कपलिंग म्हणतात. तुमच्या फोनच्या चार्जरसारखंच समजा. टाइप-सीचा फोन आणि जुन्या आयफोनची वायर. दोन्ही उत्तम, एकमेकांना निरुपयोगी.

जगभर कपलिंगचे प्रकार वेगळे आहेत. अमेरिकेत आटे असलेलं, फिरवून बसवायचं. जर्मनीत ‘स्टॉर्झ’, ज्याची दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे कुठलंही टोक कशालाही लागतं. आपल्या भारतात ६३ मिलिमीटरचं, ढकललं की खटकन बसणारं, ब्रिटिश पद्धतीचं. आता विचार करा, एखाद्या ठाण्यात एक गाडी अमेरिकेची, एक जर्मनीची, पाइप तिसऱ्याच देशाचे आणि रस्त्यावरचा हायड्रंट चौथ्या मापाचा. सगळं फुकट मिळालेलं. आणि आगीच्या वेळी काहीच कशाला जोडत नाही.

हे फक्त गरीब देशांत होतं असं समजू नका. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. मदतीला वॉशिंग्टनहून गाड्या रेल्वेने आल्या, आणखी शहरांतूनही आल्या. पण त्यांचे पाइप बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. तीस तासांहून अधिक काळ शहर जळत राहिलं, दीड हजारांच्या आसपास इमारती गेल्या. त्यानंतर कपलिंगचं एक माप ठरवायचा प्रयत्न सुरू झाला. तरी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्या पेटल्या तेव्हा बाहेरून आलेल्या दलांना तिथल्या हायड्रंटचं वेगळं माप नडलंच. त्या आगीत २५ जण गेले.

इलाज मोठा नाही. अॅडाप्टर. एका बाजूला एक माप, दुसऱ्या बाजूला दुसरं. मुठीत मावणारा धातूचा तुकडा. पण तो पाठवायचं लक्षात राहायला आधी कुणीतरी विचारावं लागतं: “तुमच्याकडे हायड्रंटचं माप काय आहे?”

फुकट आलेल्या गाडीसोबत आणखीही बरंच काही येतं. स्टिअरिंग उजवीकडे, पण देशात वाहतूक उजव्या बाजूने चालते. इंजिनाचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून एका बिघाडावर गाडी वर्षभर उभी. हवेचे सिलिंडर आलेत, पण त्यांची दर काही वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते आणि ती करणारं यंत्र शहरात नाही. ते भरायला खास कॉम्प्रेसर लागतो, तोही नाही. आणि डिझेल? डिझेल कुणी दान करत नाही. वर्गणी भरणाऱ्या स्वयंसेवकांच्या खिशातूनच जातं.

कॅमेऱ्यापुढे चावी देण्याचा कार्यक्रम होतो तेव्हा यातलं काहीच दिसत नाही.

मोठं विमान आणि छोटी घंटा

जानेवारी २०१७ मध्ये चिलीच्या मध्यभागात भयंकर वणवे पेटले. तेव्हा अमेरिकेतून एक बोइंग ७४७ आलं, पोटात सुमारे ७२,००० लिटर पाणी मावेल असं. देणगीच्या पैशातून ते आणलं होतं. लोक घराच्या गच्चीवर उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यात चूक काही नाही. मोकळ्या डोंगरावर आगीचा पट्टा अडवायला असं विमान कामाचं असतं. पण दाटीवाटीच्या वस्तीत, एका घरातून दुसऱ्यात शिरणारी आग विमानातून विझवता येत नाही. तिथे जमिनीवर उभा असलेला माणूसच लागतो.

आता याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण, दक्षिण आफ्रिकेतलं. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत २०१३ च्या नववर्षाच्या दिवशी मोठी आग लागली. त्यानंतर केपटाऊन विद्यापीठातल्या काही तरुणांनी एक छोटं यंत्र बनवलं, लुमकानी. त्यांनी आधी बघितलं की लोक राहतात कसे. पत्र्याच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह, त्याचा धूर रोजचाच. धूर ओळखणारी नेहमीची घंटा लावली तर ती रोज स्वयंपाकाच्या वेळी बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी लोक ती काढून फेकतील. म्हणून यांनी धूर नाही, तापमान किती वेगाने वाढतंय ते मोजलं. दुसरं म्हणजे एका घरातली घंटा वाजली की आसपासच्या घरांतल्याही वाजतात, कारण अशा वस्तीत आग कुणा एकाची नसतेच. पुढे रेड क्रॉसच्या साथीने हीच कल्पना केनियातल्या नैरोबीच्या मुकुरू वस्तीतही वापरून बघितली गेली.

इथे घंटा ऐकून बादली घेऊन धावणारा शेजारीच पहिला स्वयंसेवक असतो. बंब येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटं त्याची. त्या मिनिटांत आग एका खोलीत अडली तर पुढचं सगळं टळतं. विमानाच्या मानाने ही घंटा काहीच नाही. पण ती बनवणाऱ्यांनी आधी प्रश्न विचारला आणि मग वस्तू केली.

मग चांगली मदत म्हणजे काय?

इतकं सगळं बघितल्यावर चार गोष्टी ठळक दिसतात.

पहिली, यादी घेणाऱ्याने करायची, देणाऱ्याने नाही. टेकडीवरच्या तुकडीने छोटा पंप मागितला तर छोटा पंपच द्या.

दुसरी, जोडणी तपासा. कपलिंग, स्टिअरिंग, सुटे भाग, चाचणीची सोय.

तिसरी, वस्तूसोबत शिकवणारा माणूस जाऊ दे, आणि गाडी बंद पडेल तेव्हासाठी थोडे पैसेही.

चौथी, आणि सगळ्यात अवघड. परदेशी देणगीमुळे तिथल्या सरकारची जबाबदारी कमी होता कामा नये. जुनी गाडी फुकट आली की नवीन गाडीचा प्रस्ताव फायलीत झोपतो, हा धोका खरा आहे. यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. काही म्हणतात, जीव धोक्यात घालणाऱ्याला पगार द्या, विषय संपवा. पण चिलीतल्या कितीतरी स्वयंसेवकांना पगार नकोच असतो. पिढ्यान्‌पिढ्या आजोबा, मुलगा, नात एकाच तुकडीत असतात आणि बिनपगारी असणं हा त्यांचा अभिमान आहे. माझं मत विचाराल तर पगार घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवावं. पण सूट, सिलिंडर आणि हायड्रंटमधलं पाणी हे अभिमानावर सोडायचे विषय नाहीत. ते सरकारनेच द्यायला हवेत. परदेशी मदतीने त्यात भर घालावी, त्याची जागा घेऊ नये.

जाता जाता, आपल्या गल्लीत

दरवर्षी १४ ते २० एप्रिल भारतात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मारले गेले, त्यांची ही आठवण. आपल्याकडे जवान पगारी आहेत, गाड्याही येतात. पण वालपराइसोच्या टेकडीवरची गल्ली आणि आपल्या चाळीमागची किंवा झोपडपट्टीतली गल्ली यांत फार फरक नाही. बंब तोंडाशी येतो आणि पुढे सरकत नाही, कारण दोन्ही बाजूंना बाइक लावलेल्या असतात.

तेव्हा एक छोटं काम. आज घरी जाताना बघा, तुमच्या इमारतीचा हायड्रंट किंवा पाण्याची टाकी कुठे आहे, आणि तिच्यापर्यंत गाडी पोचेल का. आपलीच बाइक आड येत असेल तर हलवा. आणि नंबर पाठ ठेवा: आगीसाठी १०१, कुठल्याही संकटासाठी ११२.

भाग आवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, विशेषतः पार्किंगवरून भांडण चालू असेल तर! भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरातला तो जुना तांब्याचा बंब भंगारात देऊ नका हं.